कागद कसाले? : सटाण्यातील भाड्याच्या जागा आणि भाडे नियंत्रण कायदा

जून उजाडला की सटाण्यात खोल्या शोधणारी माणसे दिसू लागतात. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतला नवा कारकून, मराठा विद्या प्रसारक समाजाच्या (मविप्र) महाविद्यालयात प्रवेश घेतलेली आणि दूरच्या खेड्यांतून आलेली मुले, डाळिंबाच्या औषधांची एजन्सी घेतलेला एखादा तरुण. मालक विचारतो, माणसे किती, पाणी किती लागेल, किती दिवस राहणार. भाडोत्री विचारतो, बोअर आहे का, लाइटचे मीटर वेगळे आहे का. दहा मिनिटांत व्यवहार ठरतो आणि एका महिन्याचे भाडे हातावर ठेवले जाते. कागदाची गोष्ट सहसा निघत नाही, आणि कुणी काढलीच तर इथल्या, बागलाणच्या बोलीत उत्तर तयार असते : ‘घरनाच माणूस शे, कागद कसाले?’

आमच्या घरातली बाहेरची खोली आईने अशीच वर्षानुवर्षे भाड्याने दिली. भाडे मिळाल्याची नोंद कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने व्हायची आणि डिसेंबर संपला की नोंदीसकट कॅलेंडर रद्दीत जायचे. आईचे कधी कुणाशी वाजले नाही. पुढे नाशिकला शिकायला गेल्यावर मी स्वतः भाडोत्री झालो, तेव्हा खोली सोडताना माझी अनामत रक्कम बुडाली. ती दिली होती हे सांगणारे माझ्याकडे काहीच नव्हते. एकाच घरातल्या या दोन अनुभवांमुळे हा विषय मला कायम जवळचा वाटत आला आहे. भाडे नियंत्रण म्हटले की आपल्याला गिरगावातली चाळ आठवते, पागडी आठवते, शंभर रुपये भाड्याची मुंबईतली मोठी खोली आठवते. पण तालुक्याच्या गावात हा कायदा कसा वागतो? माझे निरीक्षण असे की इथे प्रत्यक्ष कायद्यापेक्षा त्याची जुनी भीतीच जास्त काम करते, आणि त्या भीतीपायी मालक व भाडेकरू दोघेही कायद्याने देऊ केलेले संरक्षण स्वतःहून टाकून देतात.

ही भीती आली कुठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, आणि १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात पहिला भाडेनिर्बंध कायदा आला. तो तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धाने तीच पाळी पुन्हा आणली. स्वातंत्र्याच्या वर्षी झालेल्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडे होते तेच ‘प्रमाणित भाडे’ म्हणून धरले. हा कायदाही मुदतीचाच होता, पण त्याची मुदत वाढतच गेली. म्हणजे १९४० साली दहा रुपयांना दिलेली जागा १९८० मध्येही कायद्याच्या नजरेत दहाचीच राहिली. कर आणि सुधारणांपोटी वर थोडेफार घेता येई, मूळ आकडा मात्र गोठलेला होता.

मग मालकांनी वाट काढली. जागा ‘भाड्याने’ द्यायचीच नाही, ‘वापरायला’ द्यायची. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवानगीचा करार, हा शब्द तिथून रुळला. सरकारने १९७३ मध्ये त्यावर घाव घातला : १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत होते, ते कायद्याने भाडेकरू मानले गेले. हजारो कुटुंबांना त्याने आधार मिळाला, हे खरे. पण त्याच दिवशी राज्यभरच्या मालकांच्या मनात एक गोष्ट कायमची कोरली गेली, की आज दिलेला शब्द सरकार उद्या फिरवू शकते. ‘भाडोत्री मालक होऊन बसतो’ हे आपल्याकडचे वाक्य तेव्हापासून इतके पक्के झाले आहे की ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा, तेही ते स्वतःच्या अनुभवासारखे सांगतात.

खरे तर भाडेकरू कितीही वर्षे राहिला तरी तो मालक होत नाही. बारा वर्षांच्या कब्जाने मालकी येते ही समजूत भाडेकरूला लागू पडत नाही, कारण तो मालकाच्या परवानगीने आत आलेला असतो, आणि ज्याच्याकडून जागा घेतली त्याचीच मालकी भाडेकरार चालू असताना नाकारण्याची मुभा पुराव्याचा कायदा त्याला देत नाही. जुन्या कायद्यात मालकाची मालकी गेली नव्हती. गेला होता तो ताबा मिळण्याचा भरवसा आणि भाड्यातला कस. पण ज्याचे दोन्ही गेले, त्याला ‘मालकी शाबूत आहे’ हे सांगून काय समाधान मिळणार?

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात आला. डिसेंबर १९९७ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटले की इतकी दशके भाडे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. त्या कायद्याची तेव्हाची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून न्यायालयाने तरतुदी लगेच रद्द केल्या नाहीत. तो नवा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. अंमल ३१ मार्च २००० पासून. मुंबई इलाख्याचा, विदर्भाचा आणि मराठवाड्यातला हैदराबादी, असे तीन वेगवेगळे जुने कायदे त्याने एकत्र केले.

हा कायदा गावागणिक सरसकट लागू नाही, ही गोष्ट सटाण्यासारख्या ठिकाणी फार महत्त्वाची आहे. तो अनुसूचीत आणि अधिसूचनेत नमूद केलेल्या भागांना लागू होतो. म्हणून कुठल्याही दाव्यात जागा नेमक्या कोणत्या हद्दीत येते हे वकिलाने आधी पाहिले पाहिजे. गाव वाढते, मळ्यांचे प्लॉट होतात, हद्दी सरकतात. कायदा लागू नसलेल्या जागेला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागतो आणि तिथे महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर असे दोन वेगळ्या शतकांच्या कायद्यांनी धरलेले असू शकते.

आता गावातल्या जागांकडे पाहू. माझ्या दृष्टीने सटाण्यात भाड्याचे तीन वेगळे संसार आहेत. जुन्या पेठेतली दुकाने आणि धाब्याची घरे हा एक. वस्ती वाढली तशा नव्या कॉलन्यांत बांधलेल्या खोल्या हा दुसरा. नगरपरिषदेचे गाळे हा तिसरा. लोक तिघांना एकच ‘भाडे’ म्हणतात, कायदा तिघांना वेगवेगळे मानतो.

जुन्या पेठेत प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले. १ ऑक्टोबर १९८७ रोजीचे भाडे अधिक पाच टक्के, हे साधारणपणे नवे प्रमाणित भाडे धरले आणि वर दरसाल चार टक्के वाढ करण्याचा मालकाला हक्क दिला. कागदावर हे बरे दिसते. उदाहरण म्हणून १९८७ मध्ये महिना ८० रुपये भाडे असलेले एक दुकान घ्या. पाच टक्के धरून ८४. कायदा लागू झाल्यापासून पंचवीस वर्षे मालकाने एकही वर्ष न चुकता चार टक्के वाढ घेतली, आणि तीही चक्रवाढीने धरली, तरी आकडा येतो २२४ च्या आसपास. सरळ वाढ धरली तर १६८. भर पेठेतल्या दुकानाचे महिन्याचे भाडे! शिवाय प्रत्यक्षात कितीतरी मालकांनी ही वाढ मागितलेलीच नसते, कारण ती घेता येते हेच त्यांना ठाऊक नसते किंवा शेजारच्या दुकानदाराशी दोनचार रुपयांसाठी वाद नको असतो.

दुरुस्तीची जबाबदारी मात्र कायद्याने मालकावरच ठेवली आहे. मालकाने ती केली नाही तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. त्यालाही मर्यादा आहे : एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वळते करता येत नाही. ८४ रुपये महिना असलेल्या जागेत ही रक्कम वर्षाला २५२ रुपये होते. गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही त्यात निघणार नाही. मग धाब्यावरची माती पावसात वाहून जाते, खण वाकतो, भिंतीला ओल धरते. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात मी का करू? भाडेकरू म्हणतो, परक्याच्या घरात मी पैसे का घालू? दोघांचेही बोलणे समजण्यासारखे आहे, आणि मधल्या मध्ये घर खचत जाते. मुंबईने याची किंमत फार मोठ्या प्रमाणावर मोजली. तिथे १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आणि उपकर आणावा लागला, आणि अशा इमारतींची सुरुवातीची संख्याच १९ हजारांहून अधिक होती. सटाण्याच्या पेठेतल्या घरांसाठी असे मंडळ नाही. इथे भिंत पडली की ती त्या दोन कुटुंबांचीच पडते.

पावसाळ्याआधी नगरपरिषदा धोकादायक घरांना नोटिसा देतात. अशा वेळी भाडेकरू घर सोडायला घाबरतो, कारण पाडलेल्या घरात आपला हक्क उरणार नाही असे त्याला वाटते. काही मालकही त्याच आशेने भिंत पडण्याची वाट पाहतात. दोघांनीही सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा शहा रतनशी खिमजी खटल्याचा निकाल माहीत करून घ्यावा. महापालिकेने इमारत पाडल्यावर भाडेहक्क संपतो का, हा प्रश्न तिथे होता. न्यायालयाने सांगितले की संपत नाही, कारण भाड्याने दिलेल्या वस्तूत भिंतींबरोबर खालची जमीनही येते. या निकालाचे महत्त्व मला जीव वाचवण्याच्या दृष्टीने वाटते. पडक्या घरात केवळ हक्क राखण्यासाठी राहण्याची गरज नाही, हे भाडेकरूला कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.

जुन्या भाडेकरूकडून जागा परत मिळते ती कायद्यात दिलेल्या कारणांनीच. परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले, जागा पोटभाड्याने दिली, शेजाऱ्यांना उपद्रव केला, योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरलीच नाही, मालकाला खरोखर स्वतःसाठी जागा हवी आहे, पाडून नवे बांधायचे आहे, अशी ही कारणे. भाडे थकले म्हणून एकदम बाहेर काढता येत नाही. आधी लेखी नोटीस, मग नव्वद दिवस, त्यानंतर दावा. आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजाने व खर्चासह भरली तर त्याची जागा वाचते. ज्याच्या घरात आजारपण आले, ज्याचा कांदा मातीमोल भावाने गेला, त्याच्यासाठी ही मुदत फार मोलाची आहे. कायद्यातला मला सर्वांत माणुसकीचा वाटणारा भाग हाच.

‘स्वतःच्या गरजेसाठी’ या कारणात न्यायालयाला दोन्ही बाजूंचा त्रास तोलावा लागतो. जागा दिली नाही तर मालकाला किती त्रास, आणि दिली तर भाडेकरूला किती. नवरा गेल्यावर मुलाला दुकान टाकून द्यायला निघालेली बाई एका बाजूला, आणि त्याच दुकानात तीस वर्षे शिलाई मशीन चालवून मुलींची लग्ने केलेला शिंपी दुसऱ्या बाजूला. अशा दाव्यात कुणीही जिंकले तरी एक घर हरते. दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे चालतो, वर जिल्हा न्यायालयात अपील, त्याही वर उच्च न्यायालय. निकाल लागेपर्यंत मूळ वादी आणि प्रतिवादी यांच्या जागी त्यांच्या वारसांची नावे लागलेली असतात.

माझे मत स्पष्ट सांगतो. जुन्या भाडेकरूला संरक्षण हवेच, पण त्याचा खर्च एका घराच्या मालकावर टाकणे अन्याय आहे. सटाण्यातला जुना मालक बहुतेक वेळा मोठा जमीनदार नसतो. त्याच्याकडे वडिलोपार्जित एक घर आणि पुढच्या बाजूला दोन दुकाने असतात, आणि कित्येकदा त्याचा भाडेकरू त्याच्यापेक्षा चांगला कमावत असतो. गरिबाला निवारा देणे हे समाजाचे काम आहे. ते काम शेजारच्या विधवेच्या भाड्यातून वसूल करून घेणे हा कल्याणकारी राज्याचा मार्ग म्हणता येणार नाही. दुकानांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. राहत्या घराला जो आधार द्यायचा तोच चालत्या व्यापाराला का द्यायचा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

नव्या कॉलन्यांतली गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथे भाडे खुलेपणाने ठरते, अकरा महिन्यांचा बोली करार होतो, आणि बारावा महिना कधी आला हे दोघांच्याही लक्षात राहत नाही. अकरा महिनेच का? कारण एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो हा नोंदणी कायद्याचा जुना नियम सर्वांच्या डोक्यात बसला आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ही पळवाट केव्हाच बंद केली. भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मालकाला याहून जड जाणारी गोष्ट पुढे आहे. लेखी नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकावर येते. म्हणजे भाडोत्री डोईजड होईल या भीतीने कागद टाळणारा मालक स्वतःच्या हाताने भाडोत्र्याची बाजू बळकट करत असतो. शंभराच्या स्टॅम्पवर, आणि आता पाचशेच्या, नोटरी करून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हेही इथे सांगायला हवे. तहसील कचेरीच्या आसपास असे किती कागद रोज टंकले जातात!

उलट कागद नोंदवला तर कायदा मालकाच्या बाजूने भक्कम उभा राहतो. कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही समोरच्याने जागा सोडली नाही, तर मालकाला वर्षानुवर्षे दिवाणी दावा लढावा लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथली पद्धत संक्षिप्त आहे आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करार हाच त्यातला निर्णायक पुरावा असतो. १९७३ ची भीती घालवण्यासाठीच हे कलम आले. पण भीती जितक्या वेगाने गावोगाव पोहोचली, तितक्या वेगाने तिचा उतारा पोहोचला नाही.

खर्चाचे कारण तर टिकतच नाही. महिना सहा हजार भाडे, वीस हजार परत करण्याची अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्के मानीव व्याज यांच्या पाव टक्का लागते. बेरीज ६८ हजारांच्या आत, त्याचा पाव टक्का म्हणजे पावणेदोनशेच्या आत. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, ग्रामपंचायतीत पाचशे. दस्त हाताळणीचा आणि एजंटाचा खर्च वेगळा धरला तरी दोघांत वाटून घेतला तर कुणालाच जड नाही. नोंदणी आता घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते, आणि मुदत साठ महिन्यांपर्यंत घेता येते. म्हणजे फीचे हजार रुपये पाच वर्षांतून एकदाच.

मग लोक टाळतात का? खरी कारणे कुणी उघड बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. मालकाला घरपट्टीची धास्ती असते. भाडेकरू ठेवल्याचे कागदावर आले की आकारणी वाढेल, असे त्याला वाटते. भाडेकरूंमध्येही कागद नको असणारे आहेत. खेड्यातल्या शाळेत नेमणूक असलेल्या शिक्षकाला मुख्यालयी राहण्याची अट असते, घरभाडे भत्ता त्याच्याशी जोडलेला असतो. मुलांच्या शिक्षणासाठी तो सटाण्यात राहतो आणि रोज मोटारसायकलने जातो-येतो. सटाण्याच्या पत्त्याचा नोंदणीकृत करार त्याला कसा परवडेल? ज्या गावात राहण्यालायक एक खोली मिळत नाही तिथे राहण्याची सक्ती करायची आणि मग सगळ्यांनी मिळून खोटेपणा सांभाळायचा, हे दुखणे भाडे कायद्याने बरे होणारे नाही. त्याला शासनाच्या सेवानियमांतच हात घालावा लागेल. तोवर शिक्षक हा आपल्या गावातला सर्वांत सुशिक्षित आणि सर्वांत असुरक्षित भाडेकरू राहणार.

अकरा महिन्यांच्या या पद्धतीने भाडेकरूचे काय होते, याकडे मात्र आपण पुरेसे पाहत नाही. दरवर्षी शाळेच्या मध्यात ‘भाडे वाढवा नाहीतर खोली सोडा’ ऐकावे लागते. सामान हलवायचे, गॅसचा पत्ता बदलायचा, मुलीची शाळा लांब पडायची. जुन्या भाडेकरूला कायद्याने तीन पिढ्यांचे स्थैर्य दिले आणि नव्याला एका शैक्षणिक वर्षाचेही दिले नाही. पेठेतल्या दुकानात ज्याच्या आजोबांनी जागा घेतली तो सुखरूप, आणि काल एजन्सी टाकलेला मुलगा वाऱ्यावर. एकाच कायद्याच्या छत्राखाली ही दोन टोके आहेत, आणि त्यांत मधले काहीच नाही.

काही संरक्षण मात्र कायदा लागू असलेल्या लहानमोठ्या सगळ्या भाडेकरूंना आहे आणि ते वापरले जात नाही. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, न देणे हा गुन्हा आहे. भाडेकरूने निघावे म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही, तशी तोडली तर न्यायालय ती पूर्ववत करायला लावते. उन्हाळ्यात आरम नदी कोरडी पडलेली असताना बोअरचा पंप बंद ठेवून खोली रिकामी करून घेण्याचे प्रकार घडतात, आणि चार दिवसांत कुटुंब निघून जाते. कायदा आपल्या बाजूने होता हे त्यांना पुढच्या घरी गेल्यावरही कळत नाही.

व्यापारी जागांसाठी लिव्ह अँड लायसन्स केले तर ते कलम २४ च्या सोप्या वाटेत बसत नाही, कारण ते कलम फक्त राहत्या जागेसाठी आहे. म्हणून विंचूर-प्रकाशा महामार्गावरच्या नव्या गाळ्यांसाठी मालक भरभक्कम अनामत मागतात. ताबा वेळेवर मिळण्याचा भरवसा नसल्याची ती किंमत आहे, आणि ती भरतो नव्याने धंदा टाकणारा. कांद्याच्या हंगामात व्यापारी खळ्यासाठी जागा घेतात, तिथेही बहुतेक तोंडी व्यवहार. हंगाम आटोपला की ते जातात, म्हणून तंटे कमी.

नगरपरिषदेच्या गाळ्यांना भाडे नियंत्रण लागूच नाही. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालमत्ता कायद्याने वगळल्या आहेत, तिथे नगरपरिषद अधिनियम आणि मालमत्ता हस्तांतरणाचे नियम चालतात, आणि मुदत संपली की फेरलिलाव. गाळेधारकाला हे फार उशिरा उमगते. जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील करारांची मुदत संपल्यावर भाडे आणि थकबाकी यांवरून गाळेधारक आणि महापालिका यांच्यात वर्षानुवर्षे चाललेला झगडा सगळ्या खानदेशाने पाहिला. गाळा घेताना करारातले शेवटचे पान, म्हणजे मुदत आणि नूतनीकरणाची अट, वाचलेले असले तर पुढचे बरेच मोर्चे टळतात. सरकार स्वतः मालक असते तेव्हा स्वतःला भाडे नियंत्रणातून सोडवून घेते आणि एका खोलीच्या मालकाला मात्र त्यात बांधते, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

बाहेरच्या जगात याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ मध्ये मतदानाने भाडे नियंत्रण १९८० पूर्वी बांधलेल्या लहान बहुकुटुंबी घरांपर्यंत वाढवले. स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये त्याचे परिणाम मांडले. त्या घरांतले भाडेकरू आपल्या जागी टिकले, म्हणजे हेतू साधला. पण मालकांनी घरे विकून किंवा पाडून भाड्याच्या जागांचा पुरवठा १५ टक्क्यांनी कमी केला, आणि शहरातली बाकीची भाडी सुमारे पाच टक्क्यांनी चढली. आत असलेल्याला फायदा आणि बाहेरून येणाऱ्यावर बोजा. सटाण्यात हेच वेगळ्या रूपात दिसते. भारतात २०११ च्या जनगणनेत शहरी भागातली एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. त्यांतली सगळीच भाड्याला येणारी नव्हती, पण ‘कुलूप बरे, भाडोत्री नको’ हे वाक्य आपल्या गावातही किती दारांवर ऐकू येते!

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. राहत्या जागेसाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत नाही, व्यापारी जागेसाठी सहा, लेखी करार सक्तीचा, वादांसाठी वेगळे भाडे प्राधिकरण आणि न्यायाधिकरण, मुदतीनंतर राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे. हा नमुना आहे, स्वीकारणे न स्वीकारणे राज्याच्या हाती. त्यातली अनामतीची मर्यादा मला फार मोलाची वाटते, कारण महाराष्ट्राच्या कायद्यात नव्या भाडेकरूसाठी तशी काही रेषा नाही. पण त्यात भाडे किती वाढवावे हे पूर्णपणे करारावर सोडले आहे, आणि खोली शोधत उन्हात फिरणारा माणूस करार ठरवण्याच्या स्थितीत नसतो.

मला विचाराल तर तालुक्याच्या गावांसाठी तीन वर्षांचा नोंदणीकृत करार हीच रीत व्हायला हवी. त्यात वर्षाची वाढ किती हे आधीच लिहिलेले असावे, मधेच निघायचे झाले तर दोन महिन्यांची सूचना दोघांनाही बंधनकारक असावी, आणि अनामत किती व कधी परत, याला स्वतंत्र ओळ असावी. यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही, आजच्या नियमांत साठ महिन्यांपर्यंत वाव आहेच. जुन्या दुकानांच्या भाड्यात टप्प्याटप्प्याने बाजाराकडे जाणारी वाढ मात्र विधिमंडळालाच करावी लागेल, आणि जिथे भाडेकरू खरोखर गरीब आहे तिथे फरकाची रक्कम सरकारने द्यावी. घरपट्टीच्या बाबतीत नगरपरिषदेला एक गोष्ट सहज करता येईल : नोंदणीकृत करार केल्यामुळे आकारणी वाढणार नाही एवढे जाहीर करणे. हजार खोल्या एकदम उजेडात येतील.

आईच्या त्या बाहेरच्या खोलीत मागच्या वर्षी एक नवे जोडपे आले. दोघेही नोकरी करणारे, तीन वर्षांसाठी हवी म्हणाले. मी लॅपटॉप घेऊन बसलो, आधार क्रमांक टाकले, अंगठ्याचे यंत्र आणलेला मुलगा आईसमोर येऊन बसला. आईने दोनदा विचारले, हे कशासाठी? मग तिने अंगठा ठेवला. पहिल्यांदा ठसा उमटला नाही, आयुष्यभराच्या कामाने रेषा पुसट झाल्या होत्या. दुसऱ्या बोटाचा उमटला. भाडेकरूंपैकी त्या मुलीने करार पूर्ण वाचला, अनामतीच्या ओळीवर बोट ठेवून ‘परत करण्याची मुदत तीस दिवस लिहा ना काका’ म्हणाली, आणि आम्ही ती लिहिली.